टपालाने पाठवलेलं बॅलट ट्रॅक कसं करायचं, आणि ‘काउंटेड’ दिसलं म्हणजे नेमकं काय झालं

ऑक्टोबर अर्धा झाला की मला ओळखीपाळखीतून तेच दोन मेसेज येतात, बऱ्याचदा एकाच माणसाकडून. आधी येतो, "बॅलट टाकून आठ दिवस झाले, काहीच दिसत नाहीये, पोचलं असेल ना?" मग चार दिवसांनी, "आता काउंटेड दाखवतंय, इलेक्शनला तर अजून दोन आठवडे आहेत, म्हणजे यांनी मोजायला पण घेतलं?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि लोक ती एकत्र कालवतात, आणि त्या गोंधळात जे काम खरंच करायला हवं होतं, म्हणजे सही अडकली असेल तर ती वेळेत सोडवणं, ते राहून जातं.

हे सगळं अमेरिकेत नागरिक झालेल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. मी कॅलिफोर्नियात राहते म्हणून पायऱ्या इथल्या धरल्यात, इथे प्रत्येक ॲक्टिव्ह मतदाराला बॅलट घरीच येतं, न मागता. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास वगैरे ठिकाणी जिथे जिथे नियम वेगळे आहेत तिथे तसं सांगितलंय. पण तुमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या निवडणूक ऑफिसच्या, पाकिटासोबत जो सूचनांचा कागद येतो तो शेवटचा शब्द, तो आधी वाचा.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून मग पुढे जा: ट्रॅकर तुमच्या पाकिटाचा माग ठेवतो, मताचा नाही. पाकिटावर नाव असतं, सही असते, बारकोड असतो. आतल्या बॅलटवर तुमचं नाव नसतं, आणि एकदा पाकिटातून बाहेर आलं की ते कुणाचं हे कुणीच सांगू शकत नाही.

पायरी १. सहा आठवडे आधी: नाव, पत्ता, सही

सगळ्यात आधी हक्काचं. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवर असाल, एच-वनवर असाल तर नाही. घरी चुकून बॅलट आलं म्हणून हक्क मिळत नाही. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा जो प्रश्न येतो तिथे घाईघाईत "हो" केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि नागरिक नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, त्यापायी देशातून बाहेर काढलं जाऊ शकतं. असं बॅलट आलंच तर भरू नका, काउंटीला कळवून नाव काढायला सांगा आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या.

नागरिक असाल तर राज्याच्या वेबसाइटवर आपली नोंदणी उघडून बघा. नाव कसं लिहिलंय ते बघा. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुठे जोडलेलं कुठे नाही, त्यामुळे लायसन्सवर एक, पासपोर्टवर दुसरं आणि मतदार यादीत तिसरंच असं सर्रास होतं. यादीत जे आहे तेच पुढे ट्रॅकरमध्ये टाकायचंय, तुम्हाला जे बरोबर वाटतं ते नाही.

पत्त्यात अपार्टमेंट नंबर आहे का बघा. घर बदललं असेल तर पोस्टात पत्ता बदलून दिला एवढ्याने भागत नाही, कारण बॅलट साधारणपणे नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होत नाही, ते परत काउंटीकडे जातं. नोंदणीतला पत्ता वेगळा बदलावा लागतो.

आणि सही. यादीला जोडलेली सही बहुतेकांची लायसन्सच्या ऑफिसात त्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर घाईत केलेली असते. तुमचं लायसन्स काढून ती सही एकदा नीट बघा. सही देवनागरीत असली तरी प्रश्न लिपीचा नसतो, रेकॉर्डमधल्या सहीशी जुळते का एवढाच असतो. वयस्कर आईबाबांचा हात आता थरथरत असेल, सही बदलली असेल, तर नोंदणीचा फॉर्म नव्याने भरून आजची सही रेकॉर्डला जाऊ द्या. याला दहा मिनिटं लागतात, आणि नंतरचा सगळ्यात मोठा त्रास इथेच वाचतो.

तपासा: नाव, आडनाव, जन्मतारीख आणि झिप यादीत जसे आहेत तसे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलेत का? घरातल्या प्रत्येक मतदाराचे वेगळे.

पायरी २. बॅलट येण्याआधीच ट्रॅकिंग चालू करा

बॅलट टाकल्यावर ट्रॅकिंग शोधायला जाणं ही सगळ्यात कॉमन चूक. ते आधी लावायचं असतं, म्हणजे बॅलट तुमच्याकडे निघालं तेव्हापासून कळतं, आणि निघूनही आलं नाही तर वेळेत ओरडता येतं.

कॅलिफोर्नियात ‘व्हेअर्स माय बॅलट’ म्हणून राज्याची फुकट सेवा आहे. त्यामागे बॅलटट्रॅक्स नावाची सिस्टिम आहे, तीच सिस्टिम आणखीही बऱ्याच राज्यांत वापरतात. त्यात यादीतलं पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख, झिप टाकायचं आणि मेसेज, ईमेल की फोन ते निवडायचं. "रेकॉर्ड सापडत नाही" आलं की नव्वद टक्के नावाच्या स्पेलिंगची भानगड असते, पायरी १ चा कागद काढा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, टेक्सास यांची आपापली ट्रॅकिंग पानं आहेत, टेक्सासमध्ये लायसन्सचा आणि सोशल सिक्युरिटीचा तपशील टाकावा लागतो.

याच्या जोडीला पोस्टाची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ चालू करा, ती पण फुकट. आज तुमच्या पेटीत कुठली पत्रं पडणार त्यांच्या पाकिटांचे फोटो सकाळी ईमेलवर येतात. ज्या दिवशी बॅलटच्या पाकिटाचा फोटो आला आणि पेटीत मात्र नाही, त्या दिवसापासून चौकशीला लागायचं.

सावधान: "तुमच्या बॅलटमध्ये प्रॉब्लेम आहे, इथे क्लिक करा" असे खोटे मेसेज सीझनमध्ये फिरतात. मेसेजमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः काउंटीचं नाव टाकून, शेवटी डॉट जीओव्ही आहे हे बघून उघडा. कुठलाही ट्रॅकर पैसे किंवा बँकेचा नंबर मागत नाही.

पायरी ३. बॅलट आलं: एका वेळी एकच पाकीट उघडा

आमच्याकडे चार मतदार. पहिल्या वर्षी आम्ही चौघांची पाकिटं डायनिंग टेबलवर एकदम फोडली, चहा घेत घेत भरली, आणि परत घालताना नवऱ्याचं परतीचं पाकीट मी सही करून चिकटवलं, त्याने माझं. दोन्हीवर छापलेलं नाव एक आणि सही दुसऱ्याची. दोन्ही अडकली, दोघांनाही पत्र आलं. हे घराघरांत होतं, आणि जोडीने बसून मत देणाऱ्या घरात जास्त होतं.

म्हणून आता आमचा नियम असा की एकाचं पूर्ण संपवून, सही करून, बंद करून बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्याचं उघडायचं नाही. आईबाबांना मदत करताना पण हेच. वयामुळे, अपंगत्वामुळे किंवा लिहिता-वाचता येत नसल्यामुळे मदत लागत असेल तर मतदाराला आपल्या पसंतीचं माणूस घेता येतं, फक्त ते माणूस त्यांचा मालक किंवा युनियनचं नको. पण मत त्यांचं, सही त्यांची. "त्यांना काय कळतंय, मीच करून टाकते" हे बिलकुल नको. कॅलिफोर्नियात मतदारांसाठी हिंदीतून बोलणारी राज्याची हेल्पलाइन पण आहे, आईबाबांना थेट बोलायचं असेल तर उपयोगी पडते.

भरायला निळं किंवा काळं पेन. गोल पूर्ण भरायचा. चुकलं तर खोडून बाजूला आपली छोटी सही करायची सवय आपल्याला बँकेच्या चेकमुळे असते, ती इथे नको, बॅलटवर नाव, सही, इनिशियल काहीही नको. मोठी चूक झाली असेल तर काउंटीकडून बदली बॅलट मागा, वेळ असेल तर सहज मिळतं. आणि ज्या जागांबद्दल काहीच माहीत नाही त्या रिकाम्या सोडल्या तरी बाकीची मतं धरली जातात.

पायरी ४. पाकीट आणि सही, इथेच सगळ्यात जास्त मतं वाया जातात

कॅलिफोर्नियात घडी घालून पाकिटात, पाकीट बंद, मागे सही, तारीख. एवढंच. काही काउंटींच्या पाकिटाला सहीच्या रेषेच्या दोन बाजूंना दोन भोकं असतात. २०२५ च्या नोव्हेंबरात इथे प्रॉपोझिशन ५० ची, म्हणजे मतदारसंघांच्या नव्या नकाशाच्या प्रस्तावावरची, खास निवडणूक झाली तेव्हा या भोकातून तुमचं मत बाहेरून दिसतं म्हणून प्रचंड मेसेज फिरले. ती भोकं दृष्टिहीन मतदाराला बोटाने सहीची जागा सापडावी म्हणून असतात, आणि पाकीट रिकामं झालंय ना हे मोजणाऱ्यांना त्यातून दिसतं. मनात शंका असेल तर घडी अशी घाला की भरलेले गोल आत राहतील. झालं.

बाकी राज्यांत जपायचं ते असं:

पेनसिल्व्हेनिया: दोन पाकिटं. बॅलट आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग ते बाहेरच्यात. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद होतं. बाहेरच्या पाकिटावर सही आणि आजची तारीख हाताने लिहायची. या तारखेवरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालू आहेत, तुम्ही त्या वादात पडू नका, तारीख लिहा. तुमची जन्मतारीख नाही, सही केली त्या दिवसाची.

न्यू जर्सी: आतल्या पाकिटाला एक सर्टिफिकेटचा फ्लॅप चिकटलेला असतो, सही त्याच्यावर. तो फाडायचा नाही. दिसायला तो अगदी "फाडून टाका" टाइपच्या कागदासारखा दिसतो, म्हणून लोक फाडतात.

टेक्सास: टपालाने मत सगळ्यांना नाहीच, वय ६५ किंवा त्याहून जास्त, आजार किंवा अपंगत्व, त्या काळात काउंटीबाहेर असणं अशी ठरावीक कारणं लागतात. पाकिटाच्या फ्लॅपखाली लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लिहावे लागतात, आणि ते नोंदणीतल्या नंबराशी जुळावे लागतात. २०२२ च्या मार्चमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हा नियम नवा होता आणि हजारो बॅलट याच एका रकान्यापायी बाद झाली. सोपा उपाय म्हणजे दोन्ही नंबर लिहा.

विस्कॉन्सिन: साक्षीदाराची सही आणि पत्ता लागतो.

तपासा: पाकीट बंद केल्यावर छापलेलं नाव मोठ्याने वाचा आणि सही त्याच माणसाची आहे ना बघा. पाकिटाचा फोटो स्वतःकडे ठेवायचा तर ठेवा, पण फॅमिली ग्रुपवर टाकू नका, त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि सही एकत्र असते.

पायरी ५. परत कसं द्यायचं, आणि शिक्क्याचा भरवसा का नको

माझा कॅलिफोर्नियातला क्रम असा: काउंटीच्या ऑफिसात किंवा मतदान केंद्रावर हातात देणं सगळ्यात उत्तम, मग अधिकृत ड्रॉप बॉक्स, म्हणजे काउंटीची बॅलट टाकायची पेटी, मग पोस्टाचं काउंटर, आणि सगळ्यात शेवटी रस्त्यावरची निळी पेटी. न्यू जर्सीवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे टपाली बॅलट मतदान केंद्रावर घेत नाहीत, ड्रॉप बॉक्स किंवा काउंटीचं ऑफिसच.

पोस्टाने पाठवायचं तर कमीत कमी एक आठवडा आधी, हे खुद्द पोस्टाचंच सांगणं आहे. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन, जॉर्जिया, ॲरिझोना, फ्लोरिडा, कोलोराडो, नॉर्थ कॅरोलिना अशा राज्यांत साधारणपणे मतदानाच्या दिवशी केंद्रं बंद व्हायच्या आत बॅलट पोचायलाच हवं, शिक्का कितीही आधीचा असो. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर नंतर ७ दिवस, न्यू जर्सीत ६ दिवस, टेक्सासमध्ये फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत, अशी सवलत कायद्यात आहे. पण या सवलतीवर सगळीकडून घाव पडताहेत, २०२५ मध्येच कॅन्सस, युटा आणि नॉर्थ डकोटाने ती काढून टाकली. तुम्ही ती नाहीच असं समजून चाला.

शिक्क्याची आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. पेटीत पत्र पडलं त्या दिवशीचाच शिक्का बसतो असं नाही. आता बऱ्याच ठिकाणी पत्रं गोळा होऊन लांबच्या सेंटरला जातात आणि शिक्का तिथे, एक-दोन दिवसांनी बसतो. डिसेंबर २०२५ मध्ये पोस्टाने आपल्या नियमावलीतच हे स्पष्ट लिहिलं. म्हणजे मतदानाच्या मंगळवारी संध्याकाळी निळ्या पेटीत टाकलेल्या बॅलटवर बुधवारचा शिक्का बसला तर ते उशिरा आलेलं धरलं जाऊ शकतं. शेवटच्या दिवसांत पोस्टच वापरायचं असेल तर आत काउंटरवर जाऊन "हाताने शिक्का मारून द्या" म्हणा, त्याचे पैसे लागत नाहीत, आणि शिक्का डोळ्यांनी बघूनच बाहेर पडा.

सावधान: टपालाने पाठवून, "सिस्टिम पकडते का बघू" म्हणून केंद्रावर पुन्हा मत देऊ नका. दोनदा मत द्यायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, प्रयोग नाही.

पायरी ६. स्टेटसचे शब्द कसे वाचायचे

इथे घाबरणारे पण चुकतात आणि निर्धास्त होणारे पण चुकतात.

‘मेल्ड’ किंवा ‘सेंट’ म्हणजे काउंटीने तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही पाठवलेलं नव्हे! हे वाचून "माझं पोचलं" समजणारे दर वेळी भेटतात.

‘रिसीव्ह्ड’ म्हणजे पाकीट काउंटीकडे पोचलं. सही अजून बघितलेली नसू शकते. इथे थांबू नका, पुढचं स्टेटस येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बघा.

‘ॲक्सेप्टेड’ किंवा ‘काउंटेड’ म्हणजे सही जुळली, पाकीट स्वीकारलं, आतलं मत मोजणीत धरलं जाणार किंवा धरलं गेलं. कुणाला किती मतं पडली हे कुणी बघितलंय असा त्याचा अर्थ नाही. पेनसिल्व्हेनियाचा ट्रॅकर तर पाकीट नुसतं पोचलं की ‘व्होट रेकॉर्डेड’ म्हणतो, आणि तिथे कायद्याने मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी एकही पाकीट फोडता येत नाही. म्हणजे बंद पाकीट कपाटात पडलेलं असतं आणि तुमच्या फोनवर ‘व्होट रेकॉर्डेड’. शब्द वाईट निवडलेत याबद्दल माझी तक्रार आहेच, पण त्यात काळंबेरं नाही.

‘चॅलेंज्ड’, ‘रिजेक्टेड’, ‘सिग्नेचर इश्यू’, ‘ॲक्शन नीडेड’ असलं काही दिसलं तर आजच, आत्ताच पायरी ७.

पायरी ७. सही अडकली तर

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. लायसन्सवर त्यांची इंग्रजीत सही, पॅडवर केलेली, निम्मी अक्षरं पडलेली. बॅलटच्या पाकिटावर मात्र त्यांनी पुण्यातल्या बँकेत करतात तशी झोकात मराठीत सही केली, अगदी खालच्या रेघेसकट. मला कल्पनाच नव्हती. ट्रॅकिंग लावलेलं होतं म्हणून चार दिवसांत ईमेल आला, नाहीतर पत्र आलं तेव्हा आम्ही गावाला होतो, ते आठवडाभर पेटीत पडून होतं.

अशा वेळी मत बाद झालेलं नसतं, ते बाजूला ठेवलेलं असतं. ही अडचण दुरुस्त करून देण्याला ‘क्युअर’ करणं म्हणतात. कॅलिफोर्नियात काउंटी तुम्हाला एक फॉर्म पाठवते, त्यात "हे पाकीट माझंच, सही माझीच" असं लिहून नवी सही करून द्यायची. टपालाने, ईमेलने, फॅक्सने किंवा जाऊन देता येतो. सहीच करायची राहिली असेल तर त्याचाही असाच फॉर्म. पत्रावर शेवटची तारीख असते, ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. सासूबाईंनी दोन्ही सह्या करून दिल्या, इंग्रजी आणि मराठी, आणि तीन दिवसांनी ‘काउंटेड’ आलं. त्या दिवशी त्यांनी तो ईमेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

न्यू जर्सीत पण क्युअरचा फॉर्म येतो. टेक्सासमध्ये आयडीचा नंबर चुकला असेल तर ट्रॅकरच्या पानावरूनच दुरुस्त करता येतो. पेनसिल्व्हेनियात काउंटीगणिक वेगळं, काही संधी देतात काही नाही, म्हणून तिथे पहिल्यांदाच बरोबर करणं जास्त महत्त्वाचं.

तपासा: नोंदणीत फोन नंबर आणि ईमेल दिलाय का? ते ऐच्छिक असतात म्हणून लोक देत नाहीत, मग काउंटीकडे तुम्हाला गाठायला फक्त पत्र उरतं.

पायरी ८. "आधीच मोजतात" ही शंका, आणि ती तपासायची कशी

आपल्या मनात निवडणूक म्हणजे भारतातलं चित्र असतं. मोजणीचा एक दिवस, सकाळी ८ ला आधी टपाली मतं उघडतात, अर्ध्या तासाने ईव्हीएम, दुपारपर्यंत गुलाल. त्यामुळे इथे चार आठवडे आधी पाकिटं उघडतात म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि मोजणी नंतर आठवडाभर चालली की आणखी शंका येते. दोन्हीचं मूळ एकच आहे, टपाली बॅलटला वेळ लागतो, तो आधी तरी द्या नाहीतर नंतर.

दोन कामं वेगळी करा. एक, तयारी: सही जुळवणं, पाकीट फोडणं, बॅलट बाहेर काढणं, घड्या सरळ करणं, स्कॅन करणं. दोन, बेरीज: कुणाला किती. तयारी आधी होते, बेरीज काढायला मनाई असते.

कॅलिफोर्नियात तयारी मतदानाच्या २९ दिवस आधीपासून करता येते, पण निकालाचा आकडा मतदानाच्या रात्री ८ च्या आधी काढता किंवा सांगता येत नाही. कोलोराडोत मोजणी १५ दिवस आधी सुरू करता येते, आकडा संध्याकाळी ७ नंतरच. ॲरिझोनात आणि फ्लोरिडात वेळेआधी आकडा फोडणं हा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे. याच्या उलट पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवसाआधी पाकिटांना हात लावता येत नाही. परिणाम काय झाला ते २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलं. फ्लोरिडाचा निकाल त्याच रात्री स्पष्ट झाला, आणि पेनसिल्व्हेनियात मंगळवारची निवडणूक, निकाल जाहीर व्हायला शनिवार, ७ नोव्हेंबर उजाडला. त्या चार दिवसांत ट्रम्प यांची सुरुवातीची आघाडी घटत गेली कारण केंद्रावरची मतं आधी मोजून झाली होती आणि टपालाची मागून येत होती. जिथे आधी तयारी करू देत नाहीत तिथेच संशयाला सगळ्यात जास्त वाव मिळाला, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी एकदा आमच्या काउंटीत निरीक्षक म्हणून अर्धा दिवस जाऊन बसले. दोरीच्या अलीकडे खुर्च्या, पलीकडे लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर दोघं. पाकीट नावाची बाजू खाली करून ठेवायचं, बॅलट बाहेर काढायचं, पाकीट एका ट्रेमध्ये आणि बॅलट दुसऱ्या ट्रेमध्ये, मग बॅलट टेबलाच्या कडेवर उलटी मोडून सरळ करायची. शेवटी रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा उभा धरून भोकातून आरपार बघायचं, आत काही राहिलं तर भोक बुजलेलं दिसतं. ट्रे आणि रजिस्टरमधला आकडा जुळल्याशिवाय पुढचा गठ्ठा येत नाही. तीन तासांत एकदाही कुणी मत वाचत बसलेलं दिसलं नाही, तेवढा वेळच नसतो.

तुम्हाला शंका असेल तर हे करा, फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा:

मशीनची जाहीर चाचणी निवडणुकीआधी होते, तिची तारीख काउंटीच्या साइटवर बघा आणि जा. मोजणी बघायला निरीक्षक म्हणून बसता येतं का, नाव नोंदवावं लागतं का, ते काउंटीला फोन करून विचारा. काही काउंटी कॅमेऱ्यावर लाइव्ह दाखवतात. निवडणुकीनंतरचं ऑडिट कधी आहे ते बघा, कॅलिफोर्नियात एक टक्का केंद्रांची मतं हाताने मोजून मशीनशी ताडतात, कोलोराडोत २०१७ पासून राज्यभर सँपल काढून ऑडिट होतं. आणि कॅलिफोर्नियातल्या मतमोजणी यंत्रणेला इंटरनेटला जोडायला कायद्याने बंदी आहे.

रात्री ८ ला जो पहिला मोठा आकडा पडतो तो याच आधी तयार झालेल्या बॅलटचा असतो. मग केंद्रावरची मतं. मग शेवटच्या दिवशी ड्रॉप बॉक्समध्ये पडलेली, ज्यांच्या सह्या बघायला तेव्हा कुठे सुरुवात होते. कॅलिफोर्नियात दहातली आठ मतं टपाली बॅलटची असतात, त्यातली खूपशी शेवटच्या दोन दिवसांत येतात, म्हणून आकडे हलत राहतात. तुम्हाला लवकर निकाल हवा असेल तर लवकर बॅलट टाका, आपल्या हातात एवढं नक्की आहे.

पायरी ९. बॅलट आलंच नाही, किंवा पोचलेलं दिसत नाही

मतदानाला दहा दिवस उरले आणि बॅलट घरी आलं नाही: काउंटीला फोन, बदली बॅलट. जाऊन आणता आलं तर जाऊनच आणा.

टाकून सात दिवस झाले आणि ‘रिसीव्ह्ड’ नाही: आधी ट्रॅकरमध्ये नाव बरोबर टाकलंय ना ते बघा, मग काउंटीला फोन. ड्रॉप बॉक्समधली पाकिटं पण रजिस्टर व्हायला दोन-तीन दिवस घेतात, लगेच धीर सोडू नका. तरीही सापडलं नाही तर केंद्रावर जा. बॅलट अजून टाकलंच नसेल, हातात असेल, तर बरोबर न्या आणि परत करून नवीन घ्या. हरवलं असेल तर कॅलिफोर्नियात आधीचं आलं नाही ना हे तपासून मत देऊ देतात, नाहीतर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं बॅलट देतात, तेही मोजतात, फक्त आधीचं आलेलं नाही याची खात्री झाल्यावर. न्यू जर्सीत टपालाचं बॅलट घेतलं असेल तर केंद्रावर प्रोव्हिजनलच मिळतं, मशीनवर नाही, त्यावरून तिथल्या कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका. प्रोव्हिजनलची पावती घ्या, तिच्यावरून ते मोजलं की नाही ते नंतर कळतं.

पायरी १०. ऑक्टोबरात पुण्याला जाणार असाल तर

दिवाळीला गेलेले लोक डिसेंबरपर्यंत राहतात आणि बॅलट इकडे पेटीत. शेजाऱ्याला "माझी सही करून टाक" सांगणं हा गुन्हा आहे, नवऱ्याला सांगणं पण.

थोडे दिवस जाणार असाल तर बॅलट येण्याची तारीख बघून निघा किंवा काउंटीकडून ते तात्पुरत्या पत्त्यावर मागवा. मोठ्या मुक्कामाला, किंवा कायमचे परत गेलेल्यांनी ‘फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन’ हा परदेशातून बॅलट मागायचा फॉर्म भरायचा, दर निवडणूक वर्षी नव्याने, जानेवारीत भरलं तर सगळ्यात बरं. अशा मतदारांना फेडरल निवडणुकीचं बॅलट किमान ४५ दिवस आधी पाठवायला लागतं, आणि ते ईमेलने मागता येतं, तेच मागा, भारतातल्या टपालावर अवलंबून राहू नका. २०२६ ची मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावरची निवडणूक, ३ नोव्हेंबरला आहे, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत बॅलट निघालं पाहिजे. नाही आलं तर थांबून न राहता ‘फेडरल राइट-इन ॲब्सेंटी बॅलट’ हे बदली बॅलट डाउनलोड करून भरून पाठवा, नंतर खरं आलं तर तेही भरून पाठवा, आणि त्याबरोबर आधी बदली बॅलट पाठवल्याची चिठ्ठी जोडा.

परत पाठवायला काही राज्यं ईमेल किंवा फॅक्स घेतात. कॅलिफोर्निया परदेशातून फॅक्स घेते, त्याबरोबर मतदाराच्या शपथेचं पान सही करून जोडावं लागतं, ते राहिलं तर फॅक्स पोचूनही उपयोग नाही. फॅक्स केला की मशीनची पोच छापून ठेवा, दोन दिवसांनी ट्रॅकर बघा, दिसलं नाही तर काउंटीला फोन लावा. कॅलिफोर्नियातली ऑफिसं सकाळी ८ ला उघडतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि १ नोव्हेंबरला इकडचं घड्याळ मागे गेलं की साडेनऊ.